तेवढा एक 'हटके' शब्द काढून टाका साहेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या शुक्रवारच्या पुरवणीबद्दल लिहितोय. पत्र लांबणार आहे हे आधीच सांगतो, आणि तुम्ही ते कापणार हे पण मला माहितीय, पण कापायचंच झालं तर मधलं कापा आणि शेवटचं ठेवा, कारण मागणी शेवटी आहे.

माझं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, हायवेपासून थोडं आत. गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण इथला थेटरवाला माझं जुनं गिऱ्हाईक आहे आणि खाली त्याचा पण विषय निघणार आहे. दिवसभर कॉम्प्युटरवर कोरल नावाच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर कुणाच्या तरी वाढदिवसाचे चेहरे कापत बसायचं, मागं मशीन चालू, शाईचा वास, आणि कानाला काहीतरी पाहिजे म्हणून गाणी. रात्री जेवण झालं की सिनेमा. या विषयातलं माझं शिक्षण एवढंच, बाकी कुठला कोर्स नाही काही नाही.

तर झालं असं की मागच्या महिन्यात तुमच्या पुरवणीच्या एकाच पानावर मला 'हटके' हा शब्द चार वेळा सापडला. हटके मेंदी, हटके नाश्ता, एका हिरॉईनचा हटके लूक, आणि खाली कोपऱ्यात एक हटके चित्रपट. चित्रपटाला आठ ओळी. वेगळ्या धाटणीचा, संथ पण सुंदर, एकदा बघायला हरकत नाही, तीन स्टार, संपलं. आता हे लिहिणारा माणूस तो पिच्चर बघून आलाय का नुसतं पत्रक वाचून, हे कळायला काही मार्ग नाही, कारण यातलं एक पण वाक्य असं नाही ज्याच्याशी मला भांडता येईल. आणि माझं दुखणं तेच आहे. 'सैराट'वर २०१६ ला आमच्या चौकात किती भांडणं झाली, शेवट असा का केला म्हणून दोन मित्र आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हते. पण या लहान सिनेमांवर कुणी भांडतच नाही. नुसतं कौतुक करतात आणि बाजूला ठेवतात, लग्नात म्हाताऱ्या पाहुण्याला खुर्ची देऊन पंख्याखाली बसवतात आणि परत कुणी विचारत नाही तसं.

आता 'स्थळ' घ्या. जयंत दिगंबर सोमलकरांचा सिनेमा, चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात शूट केलेला, गावातलीच माणसं घेऊन. २०२३ ला टोरांटोच्या फेस्टिवलला गेला, तिथं नेटपॅकचं, म्हणजे आशियातल्या सिनेमांना देतात ते, बक्षीस मिळालं, आणि आपल्याकडं थेटरला आला ७ मार्च २०२५ ला, म्हणजे दीड वर्षानं. विषय काय, तर पोरगी बघायचा कार्यक्रम. यात हटके काय आहे हो? हा कार्यक्रम झाला नाही असं एक घर मला दाखवा अख्ख्या महाराष्ट्रात. हटके तर ते, ज्यात हिरो एका बुक्कीत सुमो उलटी करतो, आमच्या तालुक्यात तरी अजून कुणी केलेली नाही.

आमच्या गावात तो लागला नाही. मी आणि बायको कोल्हापूरला गेलो, सत्तरेक किलोमीटर, हायवेचं सहापदरीचं काम चालू असल्यामुळं दर दोन मैलाला डायव्हर्जन, सकाळचा शो, तो पण कामाच्या दिवशी, दुकान ऑपरेटरच्या जिवावर टाकून. थेटरात आम्ही दोघं धरून सात माणसं. सुरुवातीलाच उलटा सीन आहे, पोरगा मधोमध बसलाय आणि बायका त्याला बघायला आल्यात, त्याला प्रश्न विचारताहेत, आम्ही सातही जण हसलो. मग खरा कार्यक्रम सुरू होतो आणि हसू हळूहळू जातं. सविता नावाची पोरगी, कॉलेजला जाणारी, पुढं स्पर्धा परीक्षा द्यायचं डोक्यात, बाप कापूसवाला, आणि कापसाला भाव नाही. तेच स्टूल, तेच प्रश्न, नाव काय, शिक्षण काय, उंची किती. मग परत दुसरी पार्टी. मग परत तिसरी.

मला मध्ये वाटलं की हा कार्यक्रमाचा एखादा फेरा कमी केला असता तर चाललं असतं, पिच्चर जरा रेंगाळतोय. इंटरव्हलला मी तसं बायकोला बोललो पण. ती म्हणाली, "कमी कसा करायचा, माझे नऊ झाले होते."

परत येताना किणीच्या टोल नाक्यापर्यंत ती गप्प होती. फास्टॅगची लाईन पुढं सरकत नव्हती, एका ट्रकचं काहीतरी अडकलं होतं, तिथं एकदम म्हणाली, चौथ्या पार्टीनं मला चालून दाखवायला सांगितलं होतं, आणि दहावे तुम्ही, तुम्ही विचारलं होतं गाणं म्हणता का. मी म्हटलं मी कशाला विचारीन. म्हणाली विचारलं होतं, मी म्हटलं पण होतं, दोन ओळी झाल्या आणि तुमचे काका मध्येच म्हणाले पोहे छान झालेत. साहेब, आमच्या लग्नाला एकवीस वर्षं झाली, यातलं मला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. कुठलं गाणं म्हटलं होतं ते तिनं अजून सांगितलेलं नाही. आता या सिनेमाला तीन स्टार द्यायचे का साडेतीन, तुम्हीच ठरवा.

यावरून आठवलं म्हणून लगेच सांगतो नाहीतर राहील. त्याच्या आदल्या वर्षी, २०२४ ला, क्रेटेक्स आणि श्रेयस या दोघांचं 'तांबडी चामडी' आलं. मराठी शब्द आणि खाली हाऊस म्युझिकचा ठेका, आणि काढलं कुणी तर स्पिनिन रेकॉर्ड्स म्हणून नेदरलँड्सची कंपनी आहे, जगभरच्या डीजे लोकांचं पंढरपूर म्हणा. त्या गणपतीत आमच्याकडं दोन मंडळांनी स्वागत कमानीवर ते दोन शब्द छापून घेतले, मीच छापले, दहा बाय आठचे. गाणं चांगलंय का? पहिल्या चार वेळेला फार चांगलंय. आवाज इतका स्वच्छ की माझ्या फुटक्या स्पीकरवर पण कळतो, आणि मराठी बोलताना जो झटका असतो ना शब्दाला, तो बरोबर ठेक्यावर येऊन बसलाय, इंग्रजी गाण्यात मराठी शब्द कोंबल्यासारखं वाटत नाही. पाचव्या वेळेपासून मात्र ते एकाच जागी फिरतं, आणि मिरवणुकीत ते पन्नास वेळा वाजतं. पण मला गंमत वेगळीच वाटली. आपल्या रंगाचं एवढं मोठं कौतुक करणारं गाणं, त्यावर बेभान नाचलेली पोरं, आणि तुळशीचं लग्न झालं की त्यातल्याच एकाच्या घरी पोरगी बघून आल्यावर चर्चा, पोरगी सगळी चांगलीय ओ पण जरा सावळी आहे. 'स्थळ' बघताना ती कमान माझ्या डोळ्यापुढून हलत नव्हती. गाण्यावर लिहिणारा आणि सिनेमावर लिहिणारा माणूस तुमच्याकडं एकच असता तर त्याला हे सुचलं असतं. पण गाण्यावर लिहिणारा माणूसच तुमच्याकडं नाही.

दुसरा सिनेमा 'साबर बोंडं'. रोहन परशुराम कानवडे. जानेवारी २०२५ ला अमेरिकेत सनडान्सला परदेशी सिनेमांच्या विभागातलं मोठं ज्युरी बक्षीस मिळालं, त्या फेस्टिवलला गेलेला हा पहिला मराठी सिनेमा, आणि १९ सप्टेंबर २०२५ ला आपल्याकडं लागला. हा मी पुण्याला बहिणीकडं गेलो होतो तेव्हा एकट्यानं बघितला. घरी विचारलं कशावर आहे, मी सांगितलं मयतीवर. खोटं नव्हतं. वडील गेलेत म्हणून मुंबईचा पोरगा, आनंद, दहा दिवस गावाला येतो, आणि तिथं त्याचा लहानपणीचा सोबती बाळ्या आहे, आणि त्या दोघांमध्ये जे आहे ते आहे. पेपरांनी याला 'बोल्ड विषय' म्हटलं. मी तर म्हणतो बोल्ड काय असेल तर दहा दिवसाचं सुतक एवढं खरं दाखवणं. माझे वडील गेले तेव्हा मला कळलं होतं की दुःख करायला वेळच देत नाहीत, हे घालायचं नाही, ते खायचं नाही, इथं बसायचं नाही, आणि ज्या चुलत्याला दहा वर्षं तोंड दाखवलं नाही तो शेजारी बसून विचारतो, पुढचं काय ठरवलंय. आनंदला तसंच प्रत्येकजण लग्नाचं विचारतोय, बाप जाऊन चार दिवस झाले नाहीत तर. आईला सगळं माहितीय. ती आई जयश्री जगतापांनी केलीय, आणि तिच्याकडं बघून मला एकदा उठून बाहेर यावंसं वाटलं, वाईट म्हणून नव्हे.

बोंडं आम्ही पण खाल्लीत लहानपणी. ओढ्याच्या कडंला निवडुंग, बोंडाला बारीक कुसं असतात ती दिसत नाहीत पण बोटात शिरली की दोन दिवस सलतात, म्हणून आधी फडक्यानं नाहीतर पालापाचोळ्यात घासायचं, मग फोडायचं, आत लालभडक, आणि जीभ रंगली की घरी मार. सिनेमाचं नाव त्याच्यावरून आहे आणि एवढं सांगितलं की मला वाटतं सिनेमा पण सांगून झाला.

पण आता वाईट पण सांगतो, कारण नुसतं कौतुक करणाऱ्यांवर मीच वर तोंडसुख घेतलंय. त्यातल्या फ्रेमा फार नीट लावल्यात. कॅमेरा ठेवलाय तिथून हलत नाही, माणसं बरोबर जागेवर, झाड बरोबर जागेवर, मागं डोंगर. काही ठिकाणी मला वाटलं मी माणसं बघत नाही, फोटो बघतोय. माझ्या धंद्यामुळं असेल. आमच्यात मोकळी जागा सोडली की गिऱ्हाईक म्हणतं इथं अजून एक कार्यकर्ता बसतोय की, आणि मी अठरा वर्षं ती जागा भरत आलोय, त्यामुळं पडद्यावर एवढी मोकळी जागा बघून आधी डोळ्याला बरं वाटतं आणि मग उगाच संशय येतो की हे मला आवडावं म्हणून सोडलंय का. हे माझं चुकत असेल. पण चुकत असेल तर कुणीतरी पेपरात लिहावं ना की कसं चुकतंय.

आणि तो दुसरा शब्द, 'संथ'. संथ म्हणायचं तर आमची कृष्णामाई संथ आहे, तिला कुणी तीन स्टार देत नाही. चैतन्य ताम्हाणेंचा 'द डिसायपल' नेटफ्लिक्सवर आला ३० एप्रिल २०२१ ला, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, तेव्हा दुकान बंद, मी चाळीस मिनिटं बघून बंद केला आणि मित्राला मेसेज टाकला की झोप येत नसेल तर बघ. त्याच रात्री दीड वाजता परत लावला कारण मलाच झोप येत नव्हती, घरोघरी काय चाललं होतं तेव्हा तुम्हाला सांगायला नको. शास्त्रीय गाणं शिकणारा पोरगा, आदित्य मोडकनं केलाय, रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावरनं मोटरसायकल चालवतोय, सगळं एकदम हळू, आणि कानात एका बाईचा आवाज, माई, साधना कशी करायची ते सांगतेय. कठोर आवाज, पण आईसारखा. तो आवाज सुमित्रा भावेंचा. आणि भावेबाई गेल्या १९ एप्रिलला, सिनेमा नेटफ्लिक्सवर यायच्या अकरा दिवस आधी. मला हे दुसऱ्या दिवशी कळलं आणि मी परत तिसऱ्यांदा फक्त ते मोटरसायकलचे तुकडे बघितले. त्याच एप्रिलमध्ये ताम्हाणेंच्या आधीच्या सिनेमातले, 'कोर्ट'मधले शाहीर नारायण कांबळे, म्हणजे नागपूरचे वीरा साथीदार, ते पण कोरोनात गेले. एकाच दिग्दर्शकाच्या दोन सिनेमांचे दोन आवाज एका महिन्यात. हा पिच्चर संथ आहे हे खरंय, अर्धाअधिक पोरगा नापास कसा होतो एवढंच दाखवलंय, पण नापास व्हायला वेळ लागतोच की, माझं बारावीचं तीन वर्षं चाललं होतं.

उलट असे पण सिनेमे बघितलेत, नाव घेत नाही, ज्यात माणूस दाराकडं चार मिनिटं बघत बसतो आणि दाराच्या मागं काही नसतं आणि माणसाच्या डोक्यात पण काही नसतं. त्यांना पण तुम्ही संथ पण सुंदरच म्हणता. म्हणून म्हणतोय, हा शब्द आता कामाचा राहिलेला नाही.

गाण्यांचं तर काय सांगू. 'कोर्ट'मध्ये गोष्टच ही आहे की म्हाताऱ्या शाहिराच्या गाण्यामुळं गटारात उतरणाऱ्या कामगारानं जीव दिला असा आरोप ठेवून त्याला कोर्टात खेचतात. संभाजी भगतांची गाणी आहेत त्यात. व्हेनिसच्या फेस्टिवलला २०१४ ला दोन बक्षिसं, मग राष्ट्रीय पुरस्कारात सगळ्यात चांगला चित्रपट, ऑस्करला भारताकडनं गेला, या सगळ्याच्या बातम्या मी तुमच्याकडंच वाचल्या, पण गाण्यावर अख्खा सिनेमा उभा असून गाण्यांबद्दल एक ओळ नव्हती. बंडखोर गाणं म्हटलं की तुमच्या लोकांना गिटारवाला पोरगा आठवतो, आणि शाहीर म्हटलं की एक मे.

माझ्या दुकानात 'द वारली रिव्हॉल्ट' वाजतं. स्वदेशी म्हणून मुंबईच्या पोरांचा ग्रुप आहे, रॅप करतात, त्यातला एमसी मवाली मराठीत बोलतो. २०१९ चं गाणं, त्यात मुंबईतल्या आरेच्या जंगलातल्या पाड्यावर राहणारे प्रकाश भोईर गातात, स्वतः वारली, जंगलासाठी लढणारे. त्याच वर्षी ऑक्टोबरात मेट्रोच्या कारशेडसाठी आरेत रात्रीतून झाडं पाडली. एकदा एक गिऱ्हाईक, पक्षाचा माणूस, प्रूफ बघायला आला होता, त्यानं ऐकलं आणि विचारलं हे काय लावलंय, भजन आहे का भांडण? मला आजपर्यंत कुणी त्या गाण्याचं याच्यापेक्षा चांगलं परीक्षण केलेलं माहीत नाही. भोईरांचा आवाज येतो तेव्हा भजन आणि मवाली सुरू झाला की भांडण, आणि गाण्याची खरी ताकद एकातून दुसऱ्यात जाताना आहे, तिथं खालचा बास अंगावर येतो. त्याच ग्रुपमधला तोडफोड, गुजरातीत रॅप करायचा, 'गली बॉय'च्या गाण्यांत पण होता, मार्च २०२२ ला गेला, चोवीस वर्षांचा. तेव्हा बातम्या आल्या. जिवंत होता तेव्हा त्याचं गाणं कसं आहे यावर मराठीत कुणी लिहिलं असेल तर मला पाठवा, मी खर्च देतो टपालाचा.

अभंग रिपोस्ट म्हणून अजून एक मुंबईचा बँड, तुकोबा ज्ञानोबा इलेक्ट्रिक गिटारवर. हे मी आमच्या थोरल्या चुलत्यांना ऐकवलं, हेच ते पोहेवाले काका, माळकरी आहेत, दरवर्षी वारी. मला वाटलं चिडतील. डोळे मिटून सगळं ऐकलं आणि म्हणाले, पोरं मनापासून म्हणताहेत पण घाई कशाची आहे, चरण संपला की जरा थांबावं, ऐकणाऱ्याला आत घेऊ द्यावं. मला नेमकं हेच वाटत होतं पण सांगता येत नव्हतं. ड्रम चढला की शब्द खाली जातो, आणि अभंगात शब्द खाली गेला तर राहिलं काय. स्टेजसमोर उभं राहून ऐकताना ते चालत असेल, मी समोर ऐकलेलं नाही, मोबाईलवर ऐकताना खटकतं. तरी त्यांचं नवीन काही आलं की मी लावतोच, आणि काका पण विचारतात, आलं का नवीन. तुमची पुरवणी याला 'तरुणाईला भावलेलं फ्युजन' म्हणून मोकळी होते. एकाहत्तर वर्षांचे काका ऐकताहेत साहेब, तरुणाई कुठं घेऊन बसलात.

दिल्लीचा पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी नावाचा बँड आहे, त्यांचा 'बीटा' अल्बम ऑगस्ट २०२४ ला आला, तो मला माझ्या ऑपरेटरनं ऐकवला, बावीस वर्षांचं पोरगं. इंग्रजी गाणी, अर्धी समजत नाहीत, पण लग्नाच्या बँडसारखी पितळी वाद्यं मध्येच येतात आणि गाणारा सूर्यकांत सॉनी असा गातो की जेवण झाल्यावर पानाच्या टपरीवर उभा राहून गुणगुणतोय. मला आवडला. याच्यापेक्षा जास्त सांगायला मला येत नाही. ज्याला येतं त्याला पानावर जागा द्या.

आता थेटरवाला. त्याला मी 'स्थळ'च्या वेळीच विचारलं होतं, का लावला नाही. चहा सांगितला त्यानं आणि हिशोब सांगितला. प्रोजेक्टर डिजिटल झाल्यापासून निर्मात्याला थेटरमागं वेगळी फी भरावी लागते, व्हर्चुअल प्रिंट फी म्हणतात, लहान निर्माता ती पन्नास गावांत कुठनं भरणार, म्हणून तो पाच शहरांत लावतो. तिथं पण शुक्रवार ते रविवार माणसं आली नाहीत की सोमवारपासून शो कमी, आणि गुरुवारी खेळ खलास. आणि पहिल्या तीन दिवसांत माणसं येणार कशी, तर पोस्टर बघून. इथं माझा विषय येतो. अठरा वर्षांत मी नेत्यांचे, दहावीत पास झालेल्या पोरांचे, बैलांचे, एकदा एका कुत्र्याच्या वाढदिवसाचा पण फ्लेक्स छापलाय, पण असल्या सिनेमाचा एक पण फ्लेक्स माझ्याकडं आलेला नाही. थेटरवाला म्हणाला, तू सोलापूर-कोल्हापूर फिरतोस सिनेमा बघायला, तसे तुझ्यासारखे गावात किती? मी म्हटलं माहीत नाही. तो म्हणाला मला पण माहीत नाही, आणि माहीत नसताना मी शो लावत नाही.

त्याचं चुकत नाही, म्हणून तर नाव घेत नाही. २०१५ च्या एप्रिलमध्ये सरकारनं मल्टिप्लेक्सला मराठी सिनेमाला प्राइम टाइम द्या म्हणून सांगितलं होतं, केवढा गोंधळ झाला होता, त्यावर ट्विटरवर टीका केली म्हणून मिसळ आणि वडापाव घेऊन लोक एका लेखिकेच्या दारात गेले होते. शेवटी तडजोड काय झाली, तर प्राइम टाइम म्हणजे दुपारी १२ ते रात्री ९. दुपारी १२ चा प्राइम टाइम असणारा माणूस मी तरी अजून बघितला नाही. त्याच गोंधळात १७ एप्रिलला 'कोर्ट' लागला होता.

पण माणसं असतात हे नक्की. 'तुंबाड' २०१८ ला आला, राही अनिल बर्वेंचा, हिंदी पण सगळी गोष्ट कोकणातली, वाडा, पाऊस, आजी, तेव्हा बेताचाच चालला. मग सहा वर्षं लोकांनी एकमेकांना सांगितलं, बघितला का, अरे बघ की, आणि सप्टेंबर २०२४ ला परत थेटरात लावला तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त धंदा केला. तेव्हा आमच्या थेटरवाल्यानं पण लावला आणि चार दिवस चालवला. ही माणसं २०१८ ला पण इथंच होती, कुठं परगावी गेली नव्हती. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं एवढंच. सांगायला सहा वर्षं लागली, जे काम पेपरनं एका शुक्रवारी करायला पाहिजे.

पायल कपाडियांच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाईट'ला मे २०२४ ला फ्रान्समधल्या कान फेस्टिवलला ग्रां प्री, म्हणजे दुसऱ्या नंबरचं बक्षीस, मिळालं. छाया कदम त्यात आहेत, मुंबईत हॉस्पिटलात स्वयंपाक करणारी पार्वती, कागद नाहीत म्हणून बिल्डर घरातनं काढतो आणि ती रत्नागिरीकडं आपल्या गावाला परत जाते. त्यांनी कानला आईची साडी आणि नथ घातली होती, ती बातमी सगळ्या पेपरांत फोटोसकट आली, माझ्या बायकोनं कापून ठेवलीय. सिनेमा आपल्याकडं लागला नोव्हेंबरात, आणि तो कुठं किती वाजता लागलाय हे शोधायला मला दोन ॲप आणि पुण्याच्या बहिणीला तीन फोन करावे लागले. साडीची बातमी सहा महिने आधी घरपोच, आणि सिनेमाचा टायमिंग नाही.

तर मागणी. एक म्हणजे दर शुक्रवारी चार ओळींची चौकट द्या, लहान सिनेमा कुठला, कुठल्या गावात, किती वाजता, आणि गुरुवारपर्यंत आहे का नाही. जाहिरात नाही म्हणून देत नसाल तर तसं सांगा, आम्ही वर्गणी काढू. दुसरं, गाण्यावर लिहिणारा एक माणूस ठेवा, भांडखोर असला तरी चालेल, नाही, भांडखोरच ठेवा. तिसरं, हटके हा शब्द मेंदीला ठेवा.

तोपर्यंत मी माझ्यापुरतं सुरू केलंय. चुकलेले फ्लेक्स असतात दुकानात, नाव चुकलं, फोटो चुकला, नेत्याचा पक्षच बदलला, ते सगळे मागून कोरे असतात. दर शुक्रवारी त्यातला तीन बाय चारचा तुकडा कापतो, मागच्या बाजूला मार्करनं लिहितो, हा सिनेमा, इथं, एवढे वाजता, आणि खाली एक गाणं, आणि कोपऱ्यांना आयलेट, म्हणजे दोरी ओवायच्या रिंगा, मारून शटरच्या बाजूला टांगतो. पहिल्या आठवड्यात दोघांनी थांबून वाचलं. एकानं विचारलं, हे छापायचे किती घेता?

आपला,
एक फ्लेक्सवाला,
सातारा जिल्हा